भिंतीपलीकडचं भांडण टेपवरून रंगमंचावर कसं आणावं

शेजाऱ्यांचं भांडण चोरून कसं रेकॉर्ड करावं, ते या लेखात सापडणार नाही. घरात जुनी कॅसेट निघाली असेल, किंवा दोन्ही बाजूंच्या संमतीने माईक लावायचा असेल आणि त्यातून एकांकिका, श्रुतिका किंवा पॉडकास्ट उभं करायचं असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावं आणि ते कुठे फसतं, एवढंच इथे आहे. मात्र सुरुवात करण्याआधी या प्रकारातला सगळ्यात गाजलेला नमुना माहीत असायला हवा. घ्यावं असं आणि अजिबात घेऊ नये असं, दोन्ही त्यात भरपूर आहे.

गुलाबी इमारतीतल्या टेपा

१९८७ साली एडी आणि मिच हे दोन तरुण मित्र विस्कॉन्सिन राज्यातून सॅन फ्रान्सिस्कोत राहायला आले. लोअर हाइट भागात त्यांना स्वस्तात जागा मिळाली. इमारतीचा रंग भडक गुलाबी, तिकडच्या पोटाच्या औषधासारखा, म्हणून पोरांनी तिला ‘पेप्टो-बिस्मॉल पॅलेस’ म्हणायला सुरुवात केली. भिंती पुठ्ठ्याच्या वाटाव्यात इतक्या पातळ. पलीकडे पीटर आणि रेमंड राहत. दोघंही वयस्कर, दोघंही अट्टल पिणारे. पीटर समलिंगी, तर रेमंडला समलिंगी माणसांचा उघड तिटकारा. तरी एकाच छपराखाली राहणं काही सुटलं नाही. रात्र झाली की सुरू. (दोघांची आडनावं जगजाहीर आहेत, पण कामाला लागत नाहीत, म्हणून इथे ती दिलेली नाहीत. संहिता लिहिताना हीच सवय लावून घ्या.)

एडी तक्रार करायला गेला, तर रेमंडने त्याला जिवे मारायची धमकी दिली. तेव्हा या पोरांनी टेपरेकॉर्डर लावला तो पुरावा म्हणून, उद्या काही बरंवाईट झालंच तर दाखवायला. पुढे पुराव्याचं निमित्त मागे पडलं, मजा पुढे आली आणि माईक खिडकीबाहेर गेला. सुमारे १४ तासांचं रेकॉर्डिंग जमलं.

त्यानंतर जे झालं, ते आज व्हॉट्सॲपवर होतं तेच, फक्त पायी चालत. मित्रांना कॅसेट दिल्या, मित्रांनी त्यांच्या नकला काढल्या, कुणी आवडत्या गाण्यांच्या कॅसेटवर दोन गाण्यांच्या मध्ये पीटरचं एखादं वाक्य टाकलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बनानाफिश’ या हौशी अनियतकालिकाने त्या टेपा आणखी लांब पोचवल्या. पीटर रेमंडवर सारखा जे ओरडे, तेच या सगळ्याचं नाव पडलं: ‘शट अप, लिट्ल मॅन!’ डॅनिएल क्लोज यांच्यासारख्या चित्रकारांनी त्यावर कॉमिक्स काढली, ग्रेग गिब्ज यांनी नाटक केलं, वाद्यवृंदांनी ते आवाज गाण्यांत पेरले, २००१ मध्ये चित्रपट आला. २०११ मध्ये मॅथ्यू बेट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा या सगळ्या प्रकरणावरचा माहितीपट अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तोवर रेमंडला जाऊन १९ वर्षं झाली होती (तो १९९२ मध्ये गेला) आणि पीटरला १५ (१९९६).

फसलं कुठे, ते नीट पाहा. सुरुवातीला पोरांनी जाहीर करून टाकलं होतं की या टेपा कुणीही कशाही वापराव्यात. मग नाटक झालं, चित्रपटाच्या गोष्टी सुरू झाल्या, एकाच वेळी दोन-तीन जण हक्क मागायला लागले, तेव्हा ते म्हणाले, हक्क आमचे आहेत. एकदा ‘घ्या फुकट’ म्हटलेली वस्तू परत मागताना जो कडवटपणा येतो तो सगळा आला. आणि ज्यांच्या तोंडची वाक्यं विकली जात होती, त्या दोघांना सुरुवातीला कुणी विचारलंच नव्हतं. खालच्या कागदपत्रांच्या भागाला एवढी जागा दिली आहे ती यासाठीच.

या टेपा चालल्या त्या शिव्यांमुळे, असं अनेकांना वाटतं. शिव्या कुठल्याही गुत्त्यावर फुकट मिळतात. टेपांमधली खरी गंमत पीटरच्या बोलण्याच्या घाटात आहे. नशेत बुडालेला माणूस, पण वाक्यं जवळजवळ दरबारी, व्याकरणशुद्ध. समोरच्याचं हसणंसुद्धा खोटं आहे, असा आरोप तो गंभीरपणे करतो. आणि ‘शट अप, लिट्ल मॅन’ हे पालुपद एखाद्या ठेक्यासारखं परत परत येतं. ‘गप, छोट्या माणसा’ असं मराठीत आणलं की ते मरतं. मराठीत ते ‘गप ए, टिनपाट!’ च्या जवळचं आहे: छोटं, तुटक, आणि ‘ट’वर थुंकी उडवणारं. शब्दांपेक्षा ठेका महत्त्वाचा, एवढं धरलं की पुढची निम्मी कामं सोपी होतात.

टेप उतरवून घेणं

हाती जुनी कॅसेट असेल तर ती आधी ऐकू नका. आधी उतरवायची तयारी करा, कारण कधी कधी तिचं पहिलं वाजणं हेच शेवटचं ठरतं.

सामान फार लागत नाही: लाइन-आउट असलेला चालू स्थितीतला कॅसेट डेक, लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, दोन्ही जोडणारी केबल, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, अगदी बारीक स्टार स्क्रू-ड्रायव्हर आणि षटकोनी पेन्सिल. बाजारात मिळणारे खेळण्यासारखे ‘कॅसेट टू एमपीथ्री’ डबे घेऊ नका. त्यांची मोटर डगमगते, आणि बोलण्यात ती डगमग दारूच्या नशेसारखी ऐकू येते. भांडणाच्या टेपेत हा घोटाळा परवडत नाही.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन प्लॅस्टिकचे टवके असतात, ते आधी मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. पुढच्या फटीतून पाहा: मध्यभागी टेपेच्या मागे नमद्याची बारीक गादी असते. ती गळून पडली असेल तर टेप तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज दबका, येतो-जातो असा होतो. अशा वेळी स्क्रूची कॅसेट असेल तर दोन्ही रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. टेपेच्या कडेवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या कॅसेटींना ती हटकून लागते. तशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेड तर खराब होतंच, पण पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लागते.

पेन्सिलीने ढिली टेप घट्ट करा. मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. सी-९० (आकडा दोन्ही बाजूंच्या मिळून मिनिटांचा) चालेल, पण सी-१२० असेल तर हे सावकाश करा. सी-६० ची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-१२० ची ९ मायक्रॉन, म्हणजे निम्मी. ती ताणली जाते आणि रोलरभोवती गुंडाळली जाते. डेकचं हेड आणि कॅप्स्टन, म्हणजे टेप ओढणारा धातूचा बारीक दांडा, अल्कोहोलने पुसा. रबरी रोलर मात्र नुसत्या ओलसर फडक्याने. अल्कोहोलने रबर वाळून कडक होतं.

डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण बंद. साध्या घरगुती आणि खिशातल्या टेपरेकॉर्डरमध्ये डॉल्बी बहुधा नसायचं, आणि डॉल्बीशिवाय भरलेली टेप डॉल्बी लावून वाजवली की वरचे सूर झाकले जातात. भिंतीने आधीच खाल्लेले ‘स’, ‘श’, ‘च’ आणखी बुडतात.

यानंतर सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम: हेडचा कोन. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका, आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षा कमी, इकडे-तिकडे फिरवा. एका ठिकाणी व्यंजनं अचानक उघडतात, खोलीचं दार उघडल्यासारखी. तिथे थांबा. ज्या मशीनवर टेप भरली त्याचा कोन आणि आपल्या डेकचा कोन वेगळा असतो, म्हणून हे प्रत्येक जुन्या टेपेला करावं लागतं. सुरुवातीची जागा खुणेने टिपून ठेवा, काम झालं की स्क्रू तिथेच परत आणा.

भरताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते, म्हणजे एका सी-६० ला साधारण एक जीबी. एमपीथ्रीत थेट भरू नका. पातळी ठरवताना कॅसेटमधली सगळ्यात मोठी किंकाळी आधी शोधा आणि ती उणे १० डेसिबलच्या आसपास येईल असं ठेवा. कुजबुजीवरून पातळी ठरवली की पहिल्याच ‘चालती हो!’ला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा जुळत नाही. एक बाजू एका दमात भरा, मध्ये थांबवू नका. मधल्या शांततासुद्धा मालच आहे.

वेग बरोबर आहे का, हे तपासायची एक युक्ती आहे. रेकॉर्डिंग विजेवर चालणाऱ्या मशीनने झालं असेल तर त्यात विजेची गुणगुण बारीक उतरलेली असते. भारतात ती ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत, अमेरिकेत ६०. ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख) उघडून पाहा. ५० च्या जागी रेघ ४८.५ वर दिसली, तर टेप ३ टक्के हळू वाजते आहे, वेग ३.१ टक्क्यांनी वाढवा. आपल्याच डेकची गुणगुण यात मिसळत नाही ना, हे पाहायला टेप थांबवा. रेघ तरीही तिथेच राहिली तर ती टेपेतली नव्हे, तुमच्या घरातली आहे. हे न तपासल्यामुळे आजोबांचा आवाज ‘किती जड होता’ असं वाटून घेणारी कुटुंबं पुष्कळ आहेत.

सफाई कमीत कमी. मूळ फाइल तशीच ठेवून नकलेवर काम करा. ८० हर्ट्झच्या खालचं काढा, अडीच ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल चढवा, खरखर फार तर ६ ते ९ डेसिबलनी उतरवा आणि थांबा. पुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. कॅसेटच्या प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढते, पहिल्या नकलेला साधारण ३ डेसिबल. म्हणून दोन प्रती असतील तर आधीची शोधा. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. कुणी ओरडलं की ती आवाज दाबते आणि मग दोन-तीन सेकंदांत पंखा, कुत्रा, लांबची रिक्षा हळूहळू वर येतात. हा दोष म्हणून पुसू नका. ओरडल्यानंतर जग परत आल्यासारखा तो आवाज कोणत्याही ध्वनिसंयोजकाला इतका छान जमणार नाही.

कागदावर उतरवणं

इथे लोक घाई करतात आणि इथेच काम बिघडतं. भांडण ‘शुद्ध’ मराठीत उतरवलं की त्यातलं भांडण निघून जातं, तक्रार-अर्ज उरतो.

गेल जेफरसन या अमेरिकन अभ्यासिकेने संभाषणांच्या टेपा लिहून काढायची खूणपद्धत घडवली. तिच्यातल्या चार-पाच खुणा आपल्याला पुरतात. कुणी मध्ये तोंड घातलं तर त्या जागी चौकोनी कंस उघडा, दोन्ही ओळींत एकाखाली एक. वाक्याला वाक्य न थांबता जोडलं गेलं तर दोन्हीकडे बरोबरची खूण. शांतता सेकंदात, गोल कंसात. लांबवलेल्या स्वरापुढे दोन टिंबांची जोडी. जोर दिलेल्या अक्षराखाली हाताने रेघ. तयार केलेला एक तुकडा पाहा, चाळीच्या नळावरचा:

१ अ: बादली कुणी हलवली?
२ (१.२)
३ ब: कुठली बादली=
४ अ: =निळी. निळी बा[दली
५ ब: [हां ती होय. ती म्या न्हाई
६ (०.४)
७ अ: मग काय चाल::त गेली?

दुसऱ्या ओळीत एकही शब्द नाही, पण कबुली तिथेच आहे. रोजच्या बोलण्यात प्रश्नाला उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत येतं, १.२ सेकंद म्हणजे माणूस विचार करतो आहे. मग ‘कुठली बादली’ असा अज्ञानाचा आव, आणि लगेच, समोरचीचं वाक्य पुरं व्हायच्या आत, ‘हां ती होय’. म्हणजे बादली माहीत होतीच. घाईत लिहिणारा हे सगळं ‘मी तुमची बादली हलवली नाही’ असं एका ओळीत करतो. ते वाक्य कुणीही म्हणू शकतं. ‘ती म्या न्हाई’ हे मात्र एकाच माणसाचं आहे, त्याच्या गावाकडून आलेलं, क्रियापदाआधीच तुटलेलं. क्रियापद जोडून देऊ नका.

एका मिनिटाच्या टेपेला या पद्धतीने सुमारे एक तास लागतो. म्हणून आधी पूर्ण टेप नुसती ऐकून वेळेच्या नोंदी करा (‘१४:२०, पाण्यावरून, १७:०५, जुना हिशोब निघाला, १७:४०, दार’) आणि मग निवडक आठ-दहा मिनिटंच बारकाईने उतरवा. न समजलेला शब्द अंदाजाने भरू नका, रिकाम्या कंसात सोडा. भिंतीतून स्वर येतात, व्यंजनं गळतात. ‘त’ की ‘थ’, ‘च’ की ‘छ’ कळत नाही. दुसऱ्या माणसाला तो तुकडा न सांगता ऐकवा. दोघांना वेगवेगळं ऐकू आलं तर जागा रिकामीच बरी. ऐकणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, आणि आरोप असतील तर हे धोक्याचं आहे.

निवड करताना गोष्ट शोधू नका. खऱ्या भांडणाला सुरुवात-मध्य-शेवट नसतो, पालुपद असतं. कोणती वस्तू, कोणतं वर्ष, कोणतं लग्न परत परत येतं ते रंगीत पेन्सिलीने खुणावा. पालुपद पहिल्यांदा येतं तेव्हा प्रेक्षकाला कळत नाही, दुसऱ्यांदा ओळख पटते, तिसऱ्यांदा हसू येतं, आणि पाचव्यांदा हसू आटतं. पाचव्याच्या आधी कापलंत तर नुसता विनोद मिळेल. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेसाठी बसवत असाल तर वेळ मोजून घेताना शांतता धरून मोजा. संहितेच्या पानांवरून काढलेला अंदाज भांडणात हमखास चुकतो.

टेपेवर मारहाण ऐकू आली, किंवा लहान मूल रडताना, तर काम तिथेच थांबवा. टेप आजची असेल तर ११२ वर फोन करा. बाई अडचणीत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. पीटर आणि रेमंडवर हसणाऱ्यांना पुढे विचारला गेलेला प्रश्न हाच होता: दोन आजारी, एकटी, पिऊन पिऊन झिजलेली माणसं, आणि आपण पलीकडून टाळ्या देतो आहोत? निवडलेला प्रत्येक तुकडा त्या माणसाच्या मुलीसमोर वाजवता येईल का, असं विचारून पाहा. येणार नसेल तर तो काढा. बहुतेक वेळा नाटकाचं त्यात काही नुकसान होत नाही.

कागदपत्रं

एक गैरसमज पक्का आहे: ‘रेकॉर्डिंग मी केलं, म्हणजे ते माझं.’ भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते तयार करणाऱ्याकडे जातो हे खरं. पण फितीवरचा हक्क वेगळा आणि फितीतल्या माणसाचं खासगीपण वेगळं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. शिवाय टेपेतली बाई शेजारणीला चोर म्हणत असेल आणि तुम्ही ते जगाला ऐकवलंत, तर बदनामीची तक्रार तुमच्यावरही येऊ शकते.

सॅन फ्रान्सिस्को ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियात तर १९६७ पासून सर्व पक्षांच्या संमतीचा कायदा आहे. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ६३२ प्रमाणे गोपनीय संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय टिपणं हा गुन्हा, दंड २,५०० डॉलरपर्यंत, वर तुरुंगही होऊ शकतो. दुसऱ्यांना ऐकू जाणार हे बोलणाऱ्याला ठाऊक असायला हवं अशी परिस्थिती असेल तर ते संभाषण ‘गोपनीय’ धरत नाहीत. आरडाओरडा करणारे शेजारी याच फटीत बसतात, असं म्हणता येतं. पण नाटकवाल्याने कायद्याच्या फटीवर प्रयोग उभा करू नये. परदेशातल्या मराठी मंडळांनी तर आपापल्या राज्याचा नियम आधी पाहावा. अमेरिकेत तो राज्यागणिक बदलतो.

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, आणि रेकॉर्डिंगच्या आधीचं. त्यात इतकं असू द्या: काय टिपणार, किती दिवस, कशासाठी वापरणार, नाव बदलणार की नाही, कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल, पैसे मिळाले तर वाटणी कशी. शेवटचं कलम लोक संकोचाने गाळतात. तेच सगळ्यात आधी लिहा, रक्कम शून्य असली तरी. पुढे चित्रपटवाला दारात आला की संकोच करायला वेळ नसतो. आणि ‘कुणीही वापरा’ असं जाहीर करायचं असेल तर सोबत ‘बिनव्यावसायिक कामासाठी’ आहे की सगळ्यासाठी, हेही त्याच दिवशी लिहून ठेवा. गुलाबी इमारतीतल्या पोरांनी एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

वारलेल्या आजी-आजोबांची टेप असेल तर घरातल्या सगळ्या शाखांना विचारा. एकट्या मामाने ‘हो’ म्हटलं आणि मावशीला प्रयोगाच्या जाहिरातीतून कळलं, की नवं भांडण सुरू होतं, आणि त्याची टेप कुणीच देत नाही.

नावं बदलताना अक्षरसंख्या सांभाळा. ‘पम्या’चा ‘बंड्या’ चालतो, ‘पुरुषोत्तम’ चालत नाही. हाक मारण्याचा ठेकाच जातो. नावाबरोबर मजला, गाव, नोकरी, दुकान हेही बदला, नुसत्या नावाने कुणी लपत नाही. आवाज मशीनने जाड-बारीक करून लपवता येतो असं समजू नका: तो परत मूळावर आणता येतो, आणि ओळखीच्या माणसाला बोलण्याच्या लकबीवरूनच कळतं. लपवायचंच असेल तर नटाकडून पुन्हा बोलून घ्या.

महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. टेपेतल्या शिव्या तिथे अडू शकतात. पर्याय आधीच तयार ठेवा, आणि पर्याय निवडताना पुन्हा ठेकाच पाहा.

तालीम

खऱ्या बोलण्यावरून नाटक बसवायची पद्धत आता चांगली रुळली आहे, आणि तिच्यात चोरी लागत नाही. ॲना डेव्हिअर स्मिथ यांनी १९९१ च्या ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्स दंगलीनंतर लोकांच्या मुलाखती घेऊन, त्यांचे अडखळणे-खाकरणेही तसेच ठेवून, एकटीने सगळी पात्रं उभी केली. लंडनमध्ये अलेकी ब्लाइद यांनी नटांच्या कानात इअरफोन दिले: मूळ आवाज कानात चालू, आणि नट एखाद्या क्षणाच्या अंतराने तोच उच्चार, तोच श्वास, तेच ‘अं’ तोंडाने काढतो. इप्सविचमधल्या एका रस्त्यावरच्या रहिवाशांच्या मुलाखतींवर त्यांनी २०११ मध्ये नॅशनल थिएटरला केलेल्या संगीतिकेत तर ते अडखळणंच सुरांत बांधलं गेलं.

हे घरच्या घरी करून पाहता येतं. प्रत्येक नटाला तारेचा इअरफोन, सगळे एकाच फाइलवर, एकाच विभाजकातून. ब्लूटूथ टाळा: प्रत्येक जोडीचा उशीर वेगळा, आणि एकमेकांवर चढणारी वाक्यं लगेच सुटी होतात. पहिले तीन दिवस संहिता हातात देऊच नका. संहिता वाचली की नट अर्थावर जोर देतो. खरा माणूस भांडताना भलत्याच शब्दावर जोर देतो, ‘मी *तुला* सांगितलं’ ऐवजी ‘मी तुला सांगितलं *होतं* ना’ असा. चौथ्या दिवशी इअरफोन एका कानात, सहाव्या दिवशी काढून टाका. नट आवाजाची नक्कल करायला लागला, घोगरेपणा आणायला लागला, की थांबवा. उचलायचा आहे तो श्वास, कुठे घेतला आणि कुठे पुरला नाही तो.

पलीकडचा आवाज दाखवायला संगणकावरचा फिल्टर लावण्यापेक्षा खरी भिंत वापरा. नटांचं रेकॉर्डिंग शेजारच्या खोलीत स्पीकरवर वाजवा, दार लोटून घ्या, आणि अलीकडे माईक ठेवून पुन्हा भरा. स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर, माईक कानाच्या उंचीवर. दार किती किलकिलं ठेवायचं त्यावर शब्द किती कळणार हे ठरतं. पूर्ण बंद दाराने नुसता राग कळतो, बोटभर फटीने बायकोचं नाव कळतं, वीतभर फटीने सगळं. प्रयोगात हीच फट प्रवेशागणिक वाढवत नेता येते.

शेवटची खूण प्रकाशयोजनाकाराशी आधी ठरवून घ्या. सी-६० ची एक बाजू तीस मिनिटांनी संपते, भांडण संपलेलं असो वा नसो, आणि टेपरेकॉर्डरचं बटण खट्ट करून वर उडतं. तो खट्ट मूळ फाइलमध्ये नसतो, तो डेकचा असतो, म्हणून वेगळा भरून ठेवा: माईक बटणापासून चार बोटं लांब. शेवटच्या वाक्याच्या मध्यावर, क्रियापदाच्या आधी, तो वाजवा आणि त्याच क्षणी दिवे घालवा.